चाळीस मावळे आणि आठ बाटल्या

आशेवाडीच्या डोक्यावर उभा असलेला रामशेज किल्ला आम्हा नाशिककरांना लहानपणापासून ओळखीचा असतो. १६८२ मध्ये औरंगजेबाच्या फौजेने त्याला वेढा घातला आणि थोडक्या शिबंदीने तो वर्षानुवर्षं लढवला. तोफा नव्हत्या म्हणून किल्लेदाराने लाकडाच्या तोफा करून त्यांना कातडं मढवलं, ही गोष्टही घरोघरी सांगतात. मला हा वेढा टेबलावर खेळायचा होता.

ज्यांना हा छंद माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वॉरगेम म्हणजे टेबलावर डोंगर, तट, झाडी मांडून खेळायची लढाई. सैनिकांनी किती सरकायचं ते पट्टीने मोजतात, नेम लागला की नाही ते फासे ठरवतात. सैनिक धातूचे, प्लास्टिकचे किंवा रेझिनचे असतात, बिनरंगी मिळतात आणि रंगवायचे आपण. खेळापेक्षा या रंगवण्यातच माझे जास्त तास जातात.

पहिले वीस सैनिक रंगवायला दीड महिना लागला. गर्द हिरवा अंगरखा, आमसुली मुंडासं, गडद निळा शेला, तपकिरी ढाल. हातात धरला तर एकेक जण देखणा. रविवारी गंगापूर रोडला मैत्रिणीकडे ६ फूट बाय ४ फुटांच्या टेबलावर ते मांडले आणि एक पाऊल मागे सरकले, तर वीस माणसांच्या जागी एक काळपट ढीग दिसत होता. ढाल कुठे संपते आणि हात कुठे सुरू होतो, काही कळेना. मला फार वाईट वाटलं. पुढचे चार महिने मी एकही सैनिक पुरा केला नाही, नुसती रंग लावून बघत राहिले. त्या चार महिन्यांत जे उमगलं ते इथे सांगते, कारण रंगसंगती हा आवडीनिवडीचा मामला आहे असं मलाही वाटायचं. त्यातला बराच भाग डोळ्याच्या रचनेचा आणि प्रकाशाचा आहे.

एका शब्दात तीन गोष्टी

‘रंग’ या एका शब्दात आपण तीन गुण कोंबतो. अल्बर्ट मन्सेल या अमेरिकन चित्रकाराने आणि कलाशिक्षकाने ते १९०५ मध्ये सुटे करून मांडले. पहिला गुण छटा, म्हणजे लाल की हिरवा की निळा. दुसरा उजळपणा, म्हणजे तो रंग पांढऱ्याच्या किती जवळ आणि काळ्याच्या किती जवळ आहे. तिसरा तेज, म्हणजे रंग किती भडक आहे आणि किती मळलेला, राखाडीकडे झुकलेला आहे.

मराठी बोलणाऱ्याला हे समजायला जड जाऊ नये, कारण आपली रंगांची नावं तिन्ही गुण एका दमात सांगतात. आमसुली म्हटलं की नुसता लाल डोळ्यांपुढे येत नाही. काळपट, तेज उतरलेला लाल येतो. अबोली म्हटलं की उजळ, मवाळ, केशरीकडे झुकलेला. मोतिया, राखाडी, शेवाळी, डाळिंबी, पोपटी, सगळ्यांचं तसंच. एखादी साडी आठवून बघा, तिन्ही गुण हाती लागतात.

माझ्या सैनिकांच्या रंगांची छटा वेगवेगळी होती, उजळपणा मात्र सगळ्यांचा एकच होता, आणि तो गडद. हे तपासायची युक्ती सोपी आहे: फोनवर फोटो काढायचा आणि तो कृष्णधवल करायचा. माझ्या फोटोत अंगरखा, शेला, ढाल सगळं एकाच करड्या डागात विरघळलं होतं. छटा काढून घेतल्यावर ज्या आकृतीत काही उरत नाही, ती टेबलावरही उभी राहत नाही. माझ्या मते या सगळ्या विषयातली पहिली आणि सगळ्यात मोठी गोष्ट हीच. आधी फिकं आणि गडद कुठे ते ठरवायचं, लाल की निळा हा प्रश्न त्यानंतरचा.

एक मीटरवरचा माणूस

असं का, ते अंतराच्या हिशोबातून कळतं. ‘२८ मिलिमीटरचा’ सैनिक म्हणजे बहुधा पायापासून डोळ्यांपर्यंत २८ मिलिमीटर. खऱ्या माणसाचे डोळे जमिनीपासून १६० सेंटिमीटरच्या आसपास धरले, तर आपला सैनिक साधारण ५७ पट लहान झाला. म्हणजे टेबलाकाठी उभं राहून एक मीटरवरून त्याला बघणं हे खऱ्या माणसाला ५७ मीटरवरून बघण्यासारखं आहे. क्रिकेटच्या मैदानात खेळपट्टीवरून सीमारेषेजवळचा क्षेत्ररक्षक दिसतो, जवळपास तेवढा. त्याच्या शर्टाची बटणं आपल्याला दिसत नाहीत, पण टोपी पांढरी आहे की गडद ते लगेच कळतं.

चांगल्या डोळ्याला एक मीटरवरून सुमारे ०.३ मिलिमीटरपर्यंतचा तपशील सुटा दिसतो. त्याहून बारीक काही असेल तर ते शेजारच्यात मिसळतं. अंगरख्याची चुणी जेमतेम तेवढीच असते. त्यात खोलीतला प्रकाश लांबलचक ट्यूबलाइटचा, भिंतींवर आपटून चहूबाजूंनी येणारा. भर उन्हात माणसाच्या कपड्यांवर जशी ठसठशीत सावली पडते, तशी या चुण्यांत पडत नाही. म्हणून सावली आपल्याला हाताने घालावी लागते. खोलगट भागात गडद रंग, उंचवट्यावर फिका, आणि दोन वेगळ्या वस्तूंच्या मध्ये एक काळसर रेघ. हातात धरून बघताना हे अति वाटतं, पण टेबलावर ठेवलं की बरोबर बसतं.

गडद रंग खोलगट जागी पोचवायला वॉश असतो. वॉश म्हणजे खूप पातळ रंग, जो स्वतःच वाहत जाऊन खाचांमध्ये थांबतो. नेमका उलटा प्रकार ड्रायब्रशचा. ब्रशवरचा जवळजवळ सगळा रंग फडक्याला पुसून टाकायचा आणि कोरडा झालेला ब्रश आकृतीवर हलकेच फिरवायचा. उंचवटे तेवढे रंग पकडतात.

आता डोळ्याच्या रचनेबद्दल, जे वाचून मी थक्क झाले. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यबिंदूत निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या पेशी जवळजवळ नसतात. हा भाग फार लहान आहे. एक मीटर अंतरावर तो साधारण ५ ते ६ मिलिमीटर रुंदीचा ठिपका व्यापतो. पण आमच्या खेळात ५ ते ६ मिलिमीटर म्हणजे एक चेहरा, एक मुंडासं, एक छोटी ढाल! एवढ्याशा ठिपक्यावर नजर रोखली की ज्या रंगांत फक्त निळेपणाचा फरक आहे ते एकसारखे वाटू लागतात. गडद निळा काळ्यासारखा दिसतो, फिका पिवळा पांढऱ्यासारखा. गडद निळ्या शेल्यावर मी काळ्या म्यानाची तलवार रंगवली होती. ती का हरवली याचं उत्तर मला इथे मिळालं. पांढऱ्या अंगरख्यावर फिक्या पिवळ्या काठाचं बारीक काम करायचा बेतही मी तेव्हाच सोडला.

अंग, काठ, बुट्टा

येवल्याच्या मावशीच्या घरी अजून माग आहे. ती नाशकात आली तेव्हा तिने माझे वीस जण हातात घेऊन पाहिले आणि म्हणाली, “अगं, यात अंग कुठलं आणि काठ कुठला तेच मला कळत नाही.” मी म्हटलं, “मावशी, सगळेच रंग चांगले आहेत म्हणून सगळे वापरले.” तिने पिशवीतून एक पैठणी काढून माझ्यासमोर पसरली.

पैठणीत अंगाचा रंग सगळ्यात जास्त जागा घेतो. काठ आणि पदर त्याच्या विरोधातले, कमी जागेचे. आणि बुट्टे अगदी थोडे, पण नजर तिथे जाते. घर सजवणारे लोक याच प्रमाणाला ६०-३०-१० म्हणतात. आकडा तंतोतंत पाळायची गरज नाही. पण कोणता रंग मुख्य, कोणता त्याचा जोडीदार आणि कोणता थोडासाच, हे ठरलेलं हवं. माझ्या सैनिकावर पाच रंग होते आणि पाचही सारख्याच जागेवर दावा सांगत होते.

बुट्ट्याची जागा ठरवताना आणखी एक गोष्ट बघायची. खेळताना आपण सैनिकाकडे वरून, तिरकं बघतो. डोकं आणि खांदे सगळ्यात जास्त दिसतात, पाय सगळ्यात कमी. म्हणून सगळ्यात तेजस्वी रंग मुंडाशाला द्यावा. चपलेच्या बंदावर लाल रंग लावण्यात घालवलेला वेळ कुणालाच दिसत नाही, आणि वेळेचा हिशोब मोठा असतो. एका रंगाला सैनिकामागे ४ मिनिटं धरली तर चाळीस जणांना १६० मिनिटं होतात. एक रंग वाढवला की अख्खी दुपार गेली.

शेजाऱ्याचा परिणाम

पॅरिसच्या गोबलँ या शाही विणकाम कारखान्यात मिशेल शेव्हरल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभागाचा प्रमुख होता. काळ्या धाग्याचा रंग फिका पडतो, त्याला दम नाही, अशी तिथे तक्रार होती. त्याने रंग तपासला आणि त्यात काही खोट नव्हती. दोष शेजारचा होता. निळ्या-जांभळ्या धाग्यांना खेटून बसल्यामुळे तोच काळा धागा कमजोर दिसत होता. एकमेकांशेजारचे रंग एकमेकांचं रूप बदलतात, हा नियम त्याने १८३९ मध्ये पुस्तकरूपाने मांडला. प्रत्येक रंग शेजाऱ्याला आपल्या विरुद्ध दिशेला ढकलतो. गडद रंगाजवळचा फिका आणखी फिका वाटतो, हिरव्याजवळचा लाल आणखी लाल.

म्हणून बाटलीच्या झाकणावर बघून रंग निवडू नये. तो कुणाशेजारी बसणार आहे ते बघावं. यात सैनिकाच्या पायाखालची चकतीही आली. २५ मिलिमीटर व्यासाची गोल चकती वरून बघताना बऱ्यापैकी मोठी जागा व्यापते. मी आधी चकत्या काळ्या मातीच्या केल्या होत्या. त्या आपल्या भागाच्या खऱ्या, पण त्यांनी गडद सैनिकांना गिळून टाकलं. आता उन्हाळ्यातल्या रामशेजच्या उतारावरचं वाळकं, पिवळसर गवत लावते. त्यावर निळा शेला उठून दिसतो.

गणवेश नसलेली फौज

आता खरी अडचण. सतराव्या शतकातल्या मराठा किंवा मोगल फौजांना आजच्यासारखा एकसारखा गणवेश नव्हता. ज्याचे कपडे त्याचे. मग चाळीस वेगवेगळे लोक एकाच बाजूचे कसे वाटतील? सगळ्यांना भगवे फेटे दिले असते तर काम झालं असतं, पण ते मला मिरवणुकीसारखं वाटलं. वेढ्यात अडकलेली माणसं तशी दिसत नसणार.

वाट सापडली ती रंगाऱ्यांच्या जुन्या सामानात. तेव्हा कापड रंगायचं नीळ, मंजिष्ठा, हळद, कुसुंबा, लाख, पळस अशा मोजक्या गोष्टींनी. हिरवा करायचा तर नीळ आणि पिवळा एकावर एक चढवायचे. आणि बरंचसं सुती कापड बिनरंगीच वापरलं जायचं. म्हणजे खऱ्या जगाकडेच रंगांची छोटी पेटी होती, आणि तिथले बाकीचे रंग याच मूळ रंगांच्या मिसळीतून आलेले, म्हणून ते एकमेकांचे नातेवाईक.

मीही तसंच केलं. आठ बाटल्या बाजूला काढल्या. मोतिया पांढरा, निळीसारखा निळा, मंजिष्ठाचा विटकरी लाल, हळदी पिवळा, त्वचेचा तपकिरी, काळा, शस्त्रांसाठी पोलादी चंदेरी आणि एक तपकिरी वॉश. नववी उघडायची नाही. हिरवा हवा तर निळा आणि हळदी मिसळायचा. झेंड्याचा भगवा लाल आणि हळदीतून. चामडं आणि लाकूड तपकिरीत काळा घालून. कुठलाही रंग उजळ करायचा तर मोतिया पांढराच घालायचा. चाळीस जणांचे कपडे वेगळे, पण कुणीही परका वाटत नाही.

सगळ्यात शेवटी सर्वांवर तोच एक तपकिरी वॉश. जुन्या नाशकात रंगपंचमीला पेशवेकाळापासूनच्या रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे जमिनीतले हौद, उघडतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला असतो. धप्पा मारून, म्हणजे त्यात उडी घेऊन, बाहेर आलेल्या माणसाच्या अंगावर मूळचा शर्ट कुठलाही असो, तो कुठल्या रहाडीतून आला ते लांबूनच कळतं. एकच वॉश सगळ्यांवर फिरवला की सैनिकांचं तसंच होतं.

प्रयोग कसा करायचा

मुख्य पथ्य असं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी सुरुवातीला प्राइमर (म्हणजे रंगाआधी द्यायचा अस्तराचा थर), लाल आणि वॉश तिन्ही एकदम बदलत होते आणि फरक कशाने पडला ते कळत नव्हतं. आता प्लास्टिकचे चमचे वापरते. चमच्याची पाठ फुगीर असते, त्यामुळे उजेड आणि सावली दोन्ही बघता येतात. एकावर काळा प्राइमर, एकावर करडा, एकावर पांढरा, आणि तिन्हींवर तोच लाल, तेवढ्याच थरांत. खाली काय आहे याने लाल किती बदलतो ते एकदा स्वतः बघावं.

याचं कारण रंगद्रव्यात आहे. पांढऱ्यात टायटॅनियम डायऑक्साइड असतो, तो प्रकाश जोरात परत फेकतो, म्हणून खालचं झाकतो. अनेक पिवळे आणि लाल बऱ्यापैकी पारदर्शक असतात, त्यांच्यातून खालचा थर डोकावतो. काळ्या प्राइमरवर पिवळा लावला की तो शेवाळी आणि आजारी दिसतो. आधी फिक्या तपकिरीचा किंवा गुलाबीचा थर द्यावा, मग हळदी चढवावा. याच कारणाने पिवळ्याची सावली काळ्याने करू नये, ती हिरवट होते. तपकिरीने करावी. लालाला नुसत्या पांढऱ्याने उजळ करायला गेलं तर तो गुलाबी होतो, तिथे थोडा पिवळाही मिसळावा.

पारदर्शकपणाचा फायदाही घेता येतो, आणि हा भाग मला सगळ्यात आवडतो. आकृतीला काळा प्राइमर द्यायचा, मग फक्त वरच्या बाजूने पांढरा फवारायचा, जणू डोक्यावर सूर्य आहे. फिकं आणि गडद तिथेच ठरून जातं. त्यावर पारदर्शक रंगाचा एकच थर दिला की छटा येते आणि खालचा उजेड-अंधार तसाच राहतो. २०१९ मध्ये गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीने खास यासाठी ‘कॉन्ट्रास्ट’ नावाचे रंग आणले, नंतर इतरांनीही आणले. ते नसतील तर साध्या अॅक्रिलिकमध्ये मिडियम, म्हणजे रंगद्रव्य नसलेला तोच चिकट द्रव, मिसळून चालतं. नुसतं पाणी फार घालू नये, रंगाला धरून ठेवणारा चिकटपणा विरतो आणि थर खडूसारखा सुटतो. नेहमीच्या थरासाठी ताकाइतका पातळ रंग पुरे, आणि एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर बरे.

ओला रंग बघून निर्णय घेऊ नये. अॅक्रिलिकमधला चिकट द्रव ओला असताना दुधाळ असतो, वाळल्यावर पारदर्शक होतो, त्यामुळे रंग थोडा गडद होऊन वाळतो. चमचा पूर्ण वाळू द्यावा आणि मग जिथे खेळणार त्याच दिव्याखाली बघावा. माझ्या टेबलावर ६५०० केल्विनचा पांढरा दिवा आहे, मैत्रिणीकडे २७०० केल्विनचा पिवळसर. माझा निळा तिच्याकडे काळा दिसायचा. शेवटी तो निळा मी दोन पायऱ्या उजळ केला.

हवेचंही बघावं लागतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये रंग पॅलेटवरच वाळतो. झाकणाच्या पसरट डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग ठेवला की मिसळलेली छटा दुसऱ्या दिवशीही टिकते. स्प्रे प्राइमर भर उन्हात मारला तर थेंब हवेतच वाळून पृष्ठभाग खरखरीत होतो, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत पांढुरका पडतो. मी सकाळी आठच्या आत, २० ते ३० सेंटिमीटरवरून मारते.

प्रत्येक चमच्याच्या दांड्यावर मार्करने क्रमांक घालते आणि वहीत लिहिते: कुठला प्राइमर, कुठल्या बाटलीचे किती थेंब, किती थर. झेंड्याच्या भगव्याला लालाचे २ आणि हळदीचे ३ थेंब लागतात हे वहीत नसतं, तर महिनाभराने तो पुन्हा जुळवताना नाकी नऊ आले असते. चमच्यावर पटलेली रंगसंगती मग एका सुट्या सैनिकावर, आणि तीही पटली तर पाच जणांवर. पाच जण एकत्र उभे केल्यावरच तुकडी कशी दिसेल ते कळतं. एकट्यावर शोभलेला हळदी फेटा पाच डोक्यांवर भडक वाटला, म्हणून आता दर पाचांत एकालाच देते. बाकीच्यांची मुंडाशी विटकरी लाल.

जुने वीस जण मी फेकले नाहीत. त्यांच्यावर पुन्हा प्राइमर मारला, वरून पांढरा फवारला आणि नव्या आठ बाटल्यांतून रंगवले. चाळीसातले एकतीस झालेत. मोगलांच्या बाजूसाठी खिडकीत सहा चमचे वाळत ठेवले आहेत. मराठे मोतिया आणि विटकरी म्हटल्यावर समोरच्यांना राखाडी आणि शेवाळी द्यावा असं मनात आहे, पण वाळक्या गवताच्या चकतीवर शेवाळी कसा दिसतो ते अजून बघायचंय. क्रमांक ४ चा चमचा सध्या पुढे आहे.